हवेची दोन भोकं

"विजू, ती भोकं बुजी टाकात, ते त्या मॅडमले इचारं का?"

"तिले कसाले इचारनं, काकी? ती पोर काय बोलस का? चार महिना व्हयनात, माले अजून तिन्हा आवाज बी माहीत नही."

मी गाडीच्या मागे उकिडवी बसून चार्जिंगची केबल गुंडाळत होते. पत्र्यापलीकडून हे बोलणं ऐकू आलं. गाडी ज्यांच्यासाठी बनवली त्या कमलकाकी हसल्या, विजूभाऊही हसले. ती मॅडम म्हणजे मी. हसण्याचं मला काही वाटलं नाही, त्याची सवय आहे. पण पहिलं वाक्य कानात अडकलं. भोकं बुजवली?

त्या गाडीत मी मोजून दोनच भोकं पाडून घेतली होती. एक ओट्याखाली, जमिनीला लागून, तळहाताएवढं, जाळी लावलेलं. दुसरं छपराजवळ. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, म्हणून खालचं भोक त्याला बाहेर जायला. वरचं धूर आणि कोंदट हवेसाठी. पाच मीटरच्या बंद पत्र्याच्या खोलीत माणसं झोपणार, तिथेच रांधणार, तर ही दोन भोकं म्हणजे त्या खोलीचं नाक. आणि अर्ध्या तासात गाडी निघणार होती. बॉनेटवर झेंडूची माळ चढली होती, चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. आमचे मालक सुरेशभाऊ नारळाची शेंडी सोलत उभे होते.

मी केबल हातात धरून तशीच बसून राहिले. उठून आत जायचं आणि बोलायचं, एवढंच काम होतं. पण ज्या कामाचा मला पगार मिळतो त्यात बोलणं हा भाग मला सगळ्यात अवघड जातो. ते का, हे सांगायचं तर आधी काम सांगावं लागेल.

नंदुरबारच्या बाहेर आमचं वर्कशॉप आहे. पूर्वी इथे दुधाचे टँकर, फिरते दवाखाने, उसाच्या ट्रॉल्या बनायच्या. आता मोठ्या व्हॅनमध्ये घर बसवून देतो. सरकारी कागदावर तिला मोटर कॅराव्हॅन म्हणतात, आमच्याकडे घरगाडी. पलंग, संडास, पाण्याची टाकी हे सुरेशभाऊंचे मिस्तरी बघतात. स्वयंपाकघरात काय असावं आणि त्याला वीज कुठून द्यावी, हे मी ठरवते. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. कॉलेजात मला वाटलं होतं सबस्टेशनवर नोकरी करीन. मिक्सर, किटल्या आणि तवे मोजीन असं वाटलं नव्हतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे कुणी अहिराणी बोललं की बाई म्हणायच्या, "गावंढळासारखं काय बोलतेस?" घरी आई म्हणायची, "शुद्ध बोल." आजी मात्र माझ्याशी अहिराणीतच बोलायची आणि मी तिला मान हलवून उत्तर द्यायचे. त्यामुळे अहिराणी माझ्या कानात पूर्ण आहे, जिभेवर कधी आली नाही. हिशेब इंग्रजीत सुचतात. पुस्तकातली मराठी बोलते ती गिऱ्हाइकांसमोर परीक्षेला बसल्यासारखी वाटते. म्हणून मी ऐकते, वहीत लिहिते आणि गप्प बसते. लोकांना वाटतं मला गर्व आहे. मी ते कधी खोडलं नाही, कारण खोडायलाही बोलावं लागतं.

या कामात पहिला धक्का बसतो तो गिऱ्हाइकांच्या यादीने. एसी, ओव्हन, गीझर, इस्त्री, सगळं हवं असतं, आणि सगळं "त्या एका बॅटरीवर". नवापूरकडचे एक ऊसतोडीचे ठेकेदार आले. त्यांनी गाडीत घरघंटी मागितली. मला वाटलं चेष्टा करताहेत.

"बाहेरचं पीठ मी खात नाही," ते म्हणाले. "घरघंटी बसेल की नाही तेवढं सांगा."

बसायला बसते. पण पिठाच्या चक्कीची मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या कितीतरी पट वीज मागते, आणि इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. मी हे वहीत लिहून सुरेशभाऊंपुढे सरकवलं. ते वाचून म्हणाले, "साहेब, दळून न्या ना डबा भरून." ठेकेदार रागावून गेले. महिन्याभराने परत आले आणि घरघंटीशिवायची गाडी घेऊन गेले. डबा मात्र केवढा!

नवख्या माणसाला एवढंच सांगते. घरात दोनशे तीस व्होल्ट येतात, गाडीतली बॅटरी बारा व्होल्टची. तीच शेगडी बॅटरीवर चालवायची तर तारेतून जवळजवळ वीसपट प्रवाह जातो. आमच्या भागात हे पाण्याच्या भाषेत पटकन कळतं. दाब कमी आणि पाणी तेवढंच हवं, तर पाइप जाड लागतो. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीने विहीर उपसायला कुणी जात नाही. तारेचं मात्र सगळ्यांना वाटतं, तार म्हणजे तार. उन्हाचंही तसंच. मे महिन्यात इतकं ऊन, म्हणजे छतावरचं पॅनेल धो धो वीज देणार, असं प्रत्येकजण म्हणतो. पॅनेल तापलं की उलट कमी देतं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू मीच सूर्याला काही बोलले.

शहाद्याच्या शेठाणींची गाडी ही माझी दुसरी गाडी. कापडाचं दुकान, कुटुंब जैन, तीर्थांना जायचं होतं. शेठाणी पहिल्याच दिवशी माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"बेटा, एक लक्षात ठेव हं. सूर्य बुडाला की आमचं खाणं बंद. आणि पाणी उकळलेलंच पितो आम्ही. तुझी वीज तेवढं करेल ना?"

मी मान हलवली आणि घरी येऊन हिशेब केला. इतर घरांत स्वयंपाक संध्याकाळभर पसरलेला असतो, चहा साडेपाचला, कुकर आठला. इथे सगळं एकाच तासात होणार. शेगडीवर भाजी, दुसऱ्या शेगडीवर पोळ्या, शेजारी मोठी किटली, सगळं सूर्याशी शर्यत लावून. म्हणून मी सगळ्यात जाड तार लिहिली आणि त्या तारेला साजेसा फ्यूज.

फ्यूज मी आणून बसवला. तार बसवायच्या दिवशी पाहते तर मिस्तरी वेगळीच तार ओढत होते, दोन नंबर बारीक. वर्कशॉपात तीच पडून होती. सुरेशभाऊ म्हणाले, "चालतंय गं. फिरत्या दवाखान्यात हीच टाकतो आपण." फिरत्या दवाखान्यात दोन दिवे आणि एक पंखा असतो. फ्यूज हा तारेला जपायला असतो. तार बारीक झाली आणि फ्यूज मोठाच राहिला, तर फ्यूज उडायच्या आधी तार जळते. मला हे माहीत होतं. पंधरा माणसांत ते मला एकटीलाच माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ओके."

मग मी घरी जाऊन एक माहितीपुस्तिका लिहिली, चोवीस पानांची, सुरेख. एका वेळी एकच उपकरण चालवा, हे ठळक अक्षरांत, चौकटीत. सगळी इंग्रजीत. शेठाणींनी ती देवाच्या फोटोजवळ ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

राजस्थानात, सूर्यास्ताला थोडा वेळ असताना, फोन आला. सुरेशभाऊंनी स्पीकरवर टाकला. पलंगाखालून धूर आला होता, लाकडाची फळी पेटली होती. शेठाणींनी किटलीतलं पाणी त्यावर ओतलं. ते उकळतं होतं, त्यांच्या मनगटावर सांडलं. मागे गाड्यांचे आवाज, आणि शेठाणी शांतपणे म्हणत होत्या, "लागलं नाही फार. पण बेटा, तू तर म्हणाली होतीस चालेल."

मी म्हणाले नव्हते. मी मान हलवली होती.

त्यानंतर सुरेशभाऊंनी तारेच्या बाबतीत माझी वही कधी मोडली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. गाडी परत आणून सगळी तार बदलली. शेठाणी येऊन उभ्या राहिल्या, मनगटाचा डाग साडीच्या पदराखाली होता. त्यांनी मला पेढा दिला.

कमलकाकी आणि त्यांचे यजमान आप्पा हे कोरीटचे. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक. ऐन थंडीत गाडीने नर्मदा परिक्रमा करायची, तीन आठवडे, हा दोघांचा बेत. गाडी चालवणार पुतण्या, विजूभाऊ. आप्पा माझ्याशी शुद्ध मराठीत, जपून बोलत, जणू मी तपासणीला आलेली अधिकारी आहे. काकी मात्र पहिल्या दिवसापासून अहिराणीतच बोलल्या. मी मान हलवायचे. त्यांना ते पुरायचं.

माझ्या पर्समध्ये एक चुंबक असतं, जुन्या स्पीकरमधलं. इंडक्शनच्या शेगडीवर कुठलं भांडं चालेल हे त्याने कळतं. चिकटलं तर चालेल. मी कोरीटला जाऊन काकींच्या मांडणीवरची सगळी भांडी तपासली. बिडाचा तवा चिकटला. अ‍ॅल्युमिनियमची पातेली नाही. काकी बारीक डोळे करून बघत होत्या. मग आत जाऊन पुरणपोळीचं मातीचं खापर घेऊन आल्या.

"आते याले लाव."

मी लावलं. चुंबक खाली पडलं.

"मंग? नर्मदामायले नैवेद्य कसाना दाखाडू, तुन्ही बिजलीना?"

शेजारपाजारच्या बायका हसल्या. मीही हसले. त्यानंतर त्यांनी मला समोर बसवून यादी सांगितली. खापराला जाळ लागतो. कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी शेवटी जाळावरच फुगते. आणि वांग्याचं भरीत तर कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेलंच, बाकी सगळं आजाऱ्याचं जेवण. पहिल्या दोन गोष्टींसाठी मी हरले. इंडक्शनबरोबर गॅसची एक शेगडी दिली, छोटा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. आणि त्यासाठी ती दोन भोकं आणि गॅस गळला किंवा हवा विषारी झाली तर वाजणारा अलार्म. भरताचं काकींनीच मिटवलं. "ते मी बाहेर भाजसू, गाडीना मांगे."

त्या दुपारी काकींनी मला जेवायला वाढलं. मी एक शब्द बोलले नाही, पण तीन भाकरी खाल्ल्या. निघताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आजीनंतर तसा हात कुणी फिरवला नव्हता. हे मी वहीत लिहिलं नाही, पण त्या गाडीचा प्रत्येक जोड मी स्वतः दोनदा आवळला.

तर अशी ती गाडी. मी केबल खाली ठेवली आणि दारातून आत डोकावले.

ओट्याखालच्या जाळीवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवला होता, कडेने काळं सीलंट, अगदी नीटस काम. छपराजवळही तसंच. अलार्मची वायर भिंतीतून उपटून तिचं टोक चिकटपट्टीने गुंडाळलेलं. मी त्या पत्र्याला बोट लावून पाहिलं. घट्ट.

विजूभाऊंचं लक्ष गेलं. ते माझ्याशी शहरी मराठीत बोलले, थोडं कौतुक होईल अशा अपेक्षेने. "मॅडम, तोरणमाळला ट्रायल मारली ना परवा, तर काकींच्या पायांना नुसता वारा लागत होता. म्हणून मी पॅक केलं. आणि ते मशीन तर फोडणी दिली तरी भुंकायचं."

या माणसाने हे मायेपोटी केलं होतं. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने, काकीच्या पायांना वारा लागू नये म्हणून.

मग माझी नजर पलंगाखाली गेली. तिथे कपाशीच्या काड्यांची एक मोळी होती. तिच्या शेजारी लोखंडी शेगडी, आणि शेगडीशेजारी कोळशाचं पोतं.

"भरताची?" एवढं कसंबसं मी विचारलं. आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"भरीतले बी," काकी पलंगावरून म्हणाल्या. त्या आधीच मांडी घालून बसल्या होत्या, पैठणी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. "आन् रातले शेगडी मधमा ठेवसूत. नर्मदाना काठले गंज थंडी ऱ्हास. मन्हा गुडघा शेकाई जातीन. विजूनीच सुचाडं."

विजूभाऊ लाजून हसले.

बंद गाडी, दोन्ही भोकं बुजवलेली, अलार्म मुका, मधोमध धगधगता कोळसा आणि तीन माणसं पांघरुणात. कोळशाचा धूर दिसतो. मारणारा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. माणूस खोकत नाही, ओरडत नाही. आधी डोकं जड होतं, मग छान झोप येते आहे असं वाटतं. काकी म्हणाल्या असत्या, काय ऊब शे, आणि कूस बदलली असती.

बाहेर सुरेशभाऊंनी हाक मारली. "चला, आप्पा! नारळ तुमच्या हातचा! मॅडम, तुम्ही फोटोत या." वीस-पंचवीस माणसं जमली होती. कोरीटहून एक गाडी भरून पाहुणे आले होते. दोन बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या. आप्पा नवं धोतर सावरत पुढे झाले.

मी सुरेशभाऊंजवळ गेले आणि वही उघडून त्यांच्यापुढे धरली. तीन ओळी लिहिल्या होत्या, घाईत, इंग्रजीत. त्यांनी त्या वाचल्या. चेहरा बदलला. पण भोवती पाहुणे होते, मुहूर्त होता, दारात ताट होतं. ते हळूच म्हणाले, "बाई, शुभ कामात आता मोडता नको घालू. बुजवलेलं उकलायला अर्धा दिवस जाईल. मी विजूला सांगतो ना फोनवर, दुपारपर्यंत. निवांत."

फोनवर. दुपारपर्यंत. मला शेठाणींचा आवाज आठवला. स्पीकरवरचा, शांत. तू तर म्हणाली होतीस चालेल.

मी त्यांच्या हातातून वही परत घेतली. आप्पांनी नारळ उचलला होता. विजूभाऊ चालकाच्या जागेवर चढले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. काकी खिडकीतून सगळ्यांना हात करत होत्या. मी लोकांमधून वाट काढत गाडीच्या पुढे गेले आणि झेंडूच्या माळेला पाठ लावून उभी राहिले. बॉनेट थरथरत होतं. आप्पांचा हात नारळासकट वर थांबला. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, फोटोले बाजूला उभ्या ऱ्हा ना." इंग्रजी वाक्य डोक्यात तयार होतं, व्यवस्थित, कलमवार. मराठीही तयार होती. दोन्हींनी इंजिन बंद झालं नसतं.

मी वळून काचेतून विजूभाऊंकडे पाहिलं, मग खिडकीतल्या काकींकडे, आणि वर्कशॉपच्या पत्र्यांवरून परत येईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"काकी, खाले उतरा! जवलोंग ती भोकं उघडतस नही, तवलोंग ही गाडी आठून हालाव नही!"